चौथी खोड

परवा माझ्या नातीनं परदेशातल्या एका विद्यापीठासाठी केलेला अर्ज मला वाचून दाखवला. त्यासाठी तिला एक सर लावले आहेत. हे सर मुलांचे निबंध तासून देतात, शिफारसपत्रं कुणाकडून आणायची ते सांगतात, आणि स्वतःचा एखादा दोष लिहा असं म्हटलेलं असलं की "मला काम अर्धवट सोडवत नाही" असं लिहायला लावतात. अर्ज ऐकून झाल्यावर मी म्हटलं, "पोरी, इतकं गुणी माणूस आपल्या घराण्यात आजवर झालेलं नाही. तू नक्की आमचीच ना?" ती रुसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आबा, तुमची शिफारस कोणी केली होती?"

मी सांगितलं, "ज्याला सही करता येत नव्हती, अशा माणसानं."

तिला वाटलं मी थट्टा करतो आहे. थट्टा करायची मला सवय आहे हे खरं, पण ही नव्हती. म्हणून हे लिहायला बसलो.

आमचा तांडा पुसदपासून सायकलनं तासाभरावर होता. आमची माणसं पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायची. आगगाड्या आल्या, ते काम गेलं, आणि आजोबांच्या पिढीनं बैल नांगराला जुंपून इथं घरं घातली. घरं गवतानं शाकारलेली. घरात आम्ही गोरबोली, म्हणजे तांड्याची भाषा, बोलायचो आणि बाजारात वऱ्हाडी. इथं तांड्यातल्यांचं बोलणं मी वऱ्हाडीतच लिहितो, तीही आमचीच आहे.

छप्पन साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि मी पुसदच्या शाळेत गेलो. जिल्ह्याला काय वाटलं माहीत नाही, मला फार बरं वाटलं. शाळा सुटल्यावर सायकलनं परत येताना मी रस्त्याकडेचं गवत पाहत यायचो. कुसळी, पवन्या, तिखाडी. कुठल्या गवताला बैल तोंड लावतो आणि कुठल्याला नाही, हे तांड्यात लहान पोरालाही ठाऊक असायचं. पण का लावत नाही, हे कुणी सांगत नव्हतं. मला त्या 'का'चा नाद लागला. अमरावतीला वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी झाली, पुढे नागपूरला एम. एस्सी. झालं, आणि नोकरी म्हणून मी पुन्हा पुसदच्या त्याच शाळेत शिकवायला आलो.

नागपूरच्या माझ्या प्राध्यापकांनी तिथून पत्र पाठवलं. ते स्वतः इंग्लंडातल्या एका जुन्या विद्यापीठात शिकून आले होते. त्या विद्यापीठाचं नाव मी सांगत नाही, कारण सांगितलं की समोरचा माणूस उगाच नीट बसतो. तिथं गवतावर काम करणारे एक गृहस्थ आहेत, एक विद्यार्थी घेणार आहेत, सगळ्या जगातून अर्ज येतात, तूही कर, असं प्राध्यापकांनी लिहिलं होतं. सोबत छापील अर्ज होता. जागा मिळाली तर शिष्यवृत्तीही मिळणार होती.

तो अर्ज मी तांड्यात नेऊन घरी मोठ्यानं वाचला, ही माझी पहिली चूक.

अर्जात दोन पत्रं मागितली होती. एक, अभ्यास पाहिलेल्या माणसाचं. ते प्राध्यापक देणार होते. दुसरं, अर्जदाराला पुष्कळ वर्षं ओळखणाऱ्या, पण त्याच्या नात्यात नसलेल्या माणसाचं. माझे वडील, बापू, म्हणाले, "म्हनजे लायकीचं मानूस नको म्हन." आमच्याकडे जो ओळखतो तो नात्यातलाच असतो. तांड्यात मी कुणाचा पुतण्या, कुणाचा भाचा, कुणाचा साडूच्या बहिणीचा दीर होतो. संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळीकडे झाली आणि लोकांनी ती मनाला लावून घेतली. एक मावशी तर म्हणाली, "आमी काय खोटं सांगू त्याईले?"

शेवटी गोष्ट नायकाकडे गेली. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. भांडणतंटा, सोयरीक, वाटणी, सगळं त्याच्यासमोर व्हायचं. आमचा नायक साठी उलटलेला, उंच, काटकुळा माणूस होता. मिशा पांढऱ्या आणि आवाज बसका. तो माझ्या आईचा चुलतभाऊ होता. मी ते त्याच्या लक्षात आणून दिलं.

"नायक कोनाचा कोनी नसते," तो म्हणाला. "बैठकीत बसलो का मले ना बहीन ना भाऊ. तुया मामा घरी गेला. आता मी नायक हाय. साख मी देतो."

साख देणं म्हणजे एखाद्याबद्दल आपला शब्द गहाण टाकणं. त्याच्या शब्दावर चार तालुक्यांत सोयरिकी झाल्या होत्या. घाटंजीकडच्या तांड्यांतले लोक मुलगा पाहायला यायचे ते आधी त्याच्या ओट्यावर बसायचे. त्याची रीत ठरलेली होती. तो मुलाच्या खोडी सांगायचा. फक्त खोडी. बैल दाखवतानाही तो हेच करायचा. हा डाव्या बाजूनं मारतो, हा पाण्यात बसतो, हा घाटात अडतो. गुण सांगायचा नाही. गुण घेणाऱ्याला दिसतात, त्यासाठी त्याला डोळे आहेत, असं त्याचं म्हणणं. पण खोड लपवून दिलेला बैल परत आला, तर शब्द परत येतो. आणि त्याचा शब्द कधी परत आला नव्हता.

ही रीत मला चांगली माहीत होती.

इंग्रजीत लिहिणार कोण, हा प्रश्न नव्हता. पुसदला तहसील कचेरीच्या व्हरांड्यात एक मुसलमान अर्जनवीस बसायचे. अर्जनवीस म्हणजे लोकांचे सरकारी अर्ज लिहून देणारे. त्यांचं जुनं टंकलेखन यंत्र खडखड करायचं, आणि त्यातलं एक अक्षर नेहमी ओळीच्या वर उडी मारायचं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. बापूंच्या शेताचे सगळे कागद त्यांनीच केले होते. त्या रविवारी चाचा ते यंत्र मांडीवर घेऊन बैलगाडीतून तांड्यात आले.

आल्या आल्या त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. मुद्रांकाचा कागद होता, पण आताचा सिंहांचा नव्हता, त्याच्यावर इंग्रज राजाची मुंडी होती. वीस वर्षांपूर्वीचा एक शिल्लक राहिलेला, त्यांनी ट्रंकेत जपून ठेवला होता.

"इसका आज तक मौका नहीं आया," चाचा म्हणाले. "अब कागद उसीके मुलुक में जा रहा है. साधे कागद को वहाँ कौन पूछेगा?"

मी म्हटलं, "चाचा, हे कोर्टाचं काम नाही. तिथं साधं पत्र लागते."

"तेरे को बॉटनी आती है ना?" चाचा म्हणाले. "कागद मेरे को आता है."

नायकाला ती मुंडी फार आवडली. त्यानं कागद उन्हात धरून पाहिला आणि मग सांगायला सुरुवात केली. सगळा तांडा भोवती बसला होता.

पहिली खोड. मुलगा लोकांच्या छपराचं गवत उपटतो. कुठलं गवत आधी सडतं ते पाहायला त्यानं शाळेत असताना दहा घरांच्या छपरांतून काड्या काढल्या. त्या पावसाळ्यात दहाही घरं गळली. त्यात नायकाचंही होतं.

दुसरी खोड. मुलगा पंगतीतून उठतो. सख्ख्या बहिणीच्या लग्नात वाढलेलं ताट सोडून गेला, आणि शोधलं तेव्हा गोठ्यामागे शेणात हात घालून बसला होता. बैलाच्या पोटातून गवताचं बी अख्खं बाहेर येतं का, ते पाहत होता. व्याही नाराज झाले. त्यांची समजूत घालायला नायकाला दोनदा जावं लागलं.

तिसरी खोड. मुलगा मोठ्यांच्या तोंडाला लागतो. एक बैल दगावला तेव्हा भर बैठकीत नायकाला म्हणाला, तुम्ही म्हणता ते गवत विषारी नाही, दुसरंच आहे.

"पन तो बराबर निंगाला होता नं, नायक," मागून कुणीतरी म्हणालं.

"निंगाला," नायक म्हणाला. "म्हनून काय खोड नाही? लिहा."

चाचांनी लिहिलं. त्यांच्या हातात आलं की सगळंच कोर्टाच्या भाषेत व्हायचं. अर्जदारानं सदरहू छपरांचं गवत मालकांच्या परवानगीवाचून काढलं, असं काहीतरी. शेवटी नायकानं सांगितलं, "या तीन खोडी सोडून चौथी नाही, याची मी साख देतो." खाली त्यानं अंगठा उठवला. मग नायकाच्या हाताखालच्या कारभाऱ्यानं उठवला, मग आणखी नऊ जणांनी, ज्यांची घरं गळली होती त्यांनी. माझ्या नावापुढे एक चांगला शब्द नव्हता. हुशार नाही, मेहनती नाही, काही नाही.

बापू मात्र खूश होते. "तीनच निंगाल्या," ते आईला सांगत होते. "त्या दिग्रसवाल्याच्या पोराच्या सात निंगाल्या होत्या."

पाकीट पोस्टात टाकायला माझ्या हवाली झालं. मी ते टाकलं नाही.

आज हे लिहितानाही कान गरम होतात. पण त्या वयात मला दुसरं काही सुचलंच नाही. राजाची मुंडी, उड्या मारणारं अक्षर, अकरा अंगठे आणि शेण. ते गृहस्थ हा कागद हातात घेऊन मित्रांना बोलावतील, चहा पीत हसतील, असं चित्र डोळ्यांसमोर यायचं. मी आमच्या मुख्याध्यापकांकडे गेलो. भला माणूस. छप्पन सालापासून मला ओळखत होते. त्यांनी सुंदर इंग्रजीत एक पान लिहून दिलं. उद्यमशील, आज्ञाधारक, सच्छील. आज्ञाधारक हा शब्द वाचून मलाच हसू आलं, पण मी ते पान प्राध्यापकांच्या पत्रासोबत पाठवून दिलं. नायकाचं पाकीट माझ्या खोलीत, ट्रंकेच्या तळाशी गेलं.

पुढचे तीन महिने फार वाईट गेले. दर आठवडी बाजाराला नायक पुसदला यायचा आणि शाळेच्या फाटकाशी उभा राहून विचारायचा, "आला का जवाब?"

"नाही आला, नायक."

"येईन. मोठं घर हाय, त्याईले इचार कराले टाइम लागते."

त्यानं ही गोष्ट नेरपर्यंतच्या तांड्यांत पोचवली होती. विलायतेत आपला कागद गेला आहे, म्हणून लोक माझ्याकडे आदरानं पाहायचे. चाचांच्या व्हरांड्यावरून जायचं टाळायला मी बाजाराला वळसा घालून जायला लागलो. चाचांनी ते हेरलं असावं, कारण एकदा त्यांनी लांबूनच हाक मारली, "क्यों मियाँ, रास्ता बदल गया क्या?"

आणि मग उत्तर आलं.

निळं, हलकं पाकीट होतं. आत त्या गृहस्थांनी स्वतः लिहिलेलं छोटं पत्र. माझं गवतावरचं लिखाण त्यांना आवडलं होतं. पण, त्यांनी लिहिलं होतं, तुमची दोन्ही पत्रं एकमेकांशी इतकी जुळतात, आणि जगभरातून आलेल्या बाकी सगळ्या पत्रांशीही इतकी जुळतात, की ती वाचून मला तुमच्याविषयी काहीच कळलं नाही. सगळेच उद्यमशील आहेत. तुम्हाला वर्गाबाहेर पाहिलेलं, चुकताना पाहिलेलं कुणी असेल, तर त्यांनी चार ओळी लिहाव्यात. पुढच्या महिन्याअखेरपर्यंत मी थांबतो.

मी ते पत्र तीनदा वाचलं. मग खोलीचं दार लावून घेतलं आणि एकटाच हसत सुटलो. त्या माणसाला जे हवं होतं ते माझ्या ट्रंकेत पडलं होतं, अकरा अंगठ्यांसकट. फक्त पोस्टात टाकायचं होतं. कुणाला काही कळलं नसतं. नायकाला वाटलं असतं, आधीच गेलं आहे. त्या गृहस्थांना वाटलं असतं, आता लिहिलं आहे.

ट्रंक उघडून कागद बाहेर काढला. वाचत वाचत शेवटच्या ओळीवर आलो. या तीन खोडी सोडून चौथी नाही, याची मी साख देतो.

तिथं मी अडलो. ती ओळ लिहिली तेव्हा खरी होती. तीन महिन्यांपूर्वी मी ती खोटी केली होती. आता हा कागद पाठवला, तर त्या म्हाताऱ्याचा अंगठा एका खोट्या गोष्टीखाली जाणार होता. आणि त्यानं आयुष्यभर जपलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे तो अंगठा. मी खुर्चीवर बसून राहिलो. रडू आलं, तेही लिहून टाकतो.

दुपारीच सायकल काढली. नायक गोठ्याच्या सावलीत अंबाडीचा दोर वळत बसला होता. मी समोर उभा राहून सगळं सांगितलं. पाकीट टाकलं नाही, दुसरं पाठवलं, तीन महिने खोटं बोललो, आणि आता असं पत्र आलं आहे. तो दोर वळत राहिला. हातभर दोर झाला.

"काहून ठेवला कागद?" शेवटी त्यानं विचारलं.

"लाज वाटली, नायक."

"कायची? खोडीईची?"

मी खाली पाहिलं. म्हटलं, "नाही. अंगठ्याईची."

आयुष्यात मी पुष्कळ परीक्षा दिल्या, पण याहून अवघड उत्तर दिल्याचं आठवत नाही. नायकानं दोराला गाठ मारली. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो उठला, डोक्याला पागोटं गुंडाळलं आणि म्हणाला, "मंग तो कागद खोटा झाला. चाल, खरा करू."

आम्ही पुसदला गेलो. तो सायकलच्या मागे बसला होता आणि वाटभर मला चढावर उतरून ढकलायला लावत होता. खुद्द तो उतरला नाही. तेवढी शिक्षा त्यानं दिली.

चाचांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि यंत्रात कागद चढवला. खाली चार बोटं जागा उरली होती.

"चौथी खोड," नायक म्हणाला. "हा पोरगा लाजते. ज्या लोकाईतला हाय त्याईची याले लाज वाटते. अन् लाज वाटली का लपवते. हे मले आधी मालूम नोतं. आता मालूम झालं. आता चार सोडून पाचवी नाही."

चाचांची बोटं थांबली. "नायकसाब, ये मत लिखाओ. लडके की जगह जाएगी."

"जाईन त जाईन."

"पहलेवाली तीन हँसी की हैं. ये हँसी की नहीं है."

"चाचा," नायक म्हणाला, "बैल घाटात बसते हे आपन सांगतलं नाही, अन् त्याईनं घाटात गेल्यावर पाह्यलं, त? त्याईनं काय करावं? सांगा."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो असतो तर ते थांबले असते, नायकाशी भांडलेही असते. नऊ वर्षं पुसद-अमरावती-नागपूर करून जे मिळवायचं होतं, ते त्या चार बोटं जागेवर होतं.

"लिहा, चाचा," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं. या वेळी कोर्टाची भाषा वापरली नाही. सरळ, साध्या इंग्रजीत लिहिलं, जसं नायक बोलला तसं. त्यांना तशीही इंग्रजी येत होती, हे मला त्या दिवशी कळलं. नायकानं नवा अंगठा उठवला. मग तो माझ्यासोबत पोस्टात आला, पाकीट पेटीत पडल्याचा आवाज ऐकला, आणि म्हणाला, "आता चहा पाज."

उत्तर आलं तेव्हा बाजाराचाच दिवस होता. मी पाकीट न फोडता फाटकाशी उभा राहिलो आणि नायक आल्यावर त्याच्यासमोर फोडलं. एवढं तरी मी त्याला देणं लागत होतो.

जागा मिळाली होती. ऑक्टोबरपासून. मी तिथंच, फाटकावर, नायकाच्या खांद्यावर डोकं ठेवलं. शाळेची पोरं पाहत होती. पाहू दे म्हटलं.

खाली त्या गृहस्थांनी हातानं काही ओळी लिहिल्या होत्या. मी त्या नायकाला वाचून दाखवल्या. तुमच्या प्रमुखांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या पत्रावरून मला तुम्ही कसे दिसता तेवढं सोडून सगळं कळलं. पहिल्या खोडीबद्दल, आमच्या कॉलेजचं छप्पर पाटीच्या दगडाचं आहे, त्यामुळे काळजी नसावी. दुसरीबद्दल, आमचं जेवण असं असतं की उठून गेलात तरी कुणी नाराज होणार नाही. तिसरीसाठीच मी तुम्हाला बोलावतो आहे.

नायक पोटभर हसला. मग त्यानं विचारलं, "चौथीचं काय म्हनते?"

"चौथीचं काही लिहिलं नाही."

"म्हनजे वाचली त्यानं," नायक म्हणाला, आणि बाजारात निघून गेला. त्या दिवशी त्यानं पेढे वाटले, आणि भेटेल त्याला माझ्या खोडी सांगितल्या.

मी इंग्लंडात तीन वर्षं राहिलो. ती कहाणी इथली नाही, एवढंच सांगतो. पहिल्या वर्षी जेवणाच्या टेबलावर कुणी विचारलं की मी म्हणायचो, मी नागपूरचा, आमची शेतीवाडी आहे. तांडा हा शब्द मी वर्षभर तोंडातून काढला नाही. माझे ते गृहस्थ त्याच टेबलावर बसलेले असायचे. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते मुकाट्यानं बटाटे खायचे. दुसऱ्या वर्षी गवताचं बी कुठून कुठं कसं पसरलं यावर मला विभागात बोलायचं होतं. नकाशा लावला, आणि त्यावर ज्या रेषा काढल्या होत्या त्या कशाच्या, असं कुणीतरी विचारलं. त्या माझ्या आजोबांच्या बैलांच्या वाटा होत्या. मी तसं सांगितलं. मग तांड्याचं सांगितलं, छपरांचं सांगितलं, शेणाचं सांगितलं. तासाभराचं बोलणं दोन तास चाललं. परत निघताना त्या गृहस्थांनी टेबलाच्या खणातून राजाच्या मुंडीचा तो कागद काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, हा तुमच्या प्रमुखांचा आहे, त्यांना परत करा.

एकोणसत्तर साली मी पुसदला बसमधून उतरलो तेव्हा सगळा तांडा स्टँडवर होता. आईनं मला धरलं ते सोडायलाच तयार नव्हती. बापू दुसऱ्यांना सांगत होते की मी वाळलो नाही, उंच झालो आहे. नायक मागे काठी घेऊन उभा होता. डोळ्यांत आता मोतीबिंदू झाला होता. मी पाया पडलो. त्यानं चाचपून माझा चेहरा पाहिला, आणि ना प्रवासाचं विचारलं ना शिक्षणाचं.

"तिकडं काय लपवलं?"

स्टँडवरची सगळी माणसं ऐकत होती. मी सांगितलं. एक वर्ष तुम्हाला लपवलं, नायक. नागपूरचा म्हणून सांगितलं. मग एक दिवस सगळं सांगून टाकलं.

"कोनी इचारलं म्हनून, का आपल्या मनानं?"

"इचारलं रेघेचं होतं. बाकीचं मीच सांगतलं."

त्यानं मान हलवली. मी खिशातून तो कागद काढून त्याच्या हातात दिला. त्यानं बोटांनी कागदाचा वरचा भाग चाचपला, जिथं मुंडी होती तिथं, आणि त्याला कळलं. आम्ही सगळे, सामानासकट, तिथून थेट तहसील कचेरीच्या व्हरांड्यात गेलो. चाचा होते. यंत्र तेच होतं.

"चाचा, चौथी कोनती, बोट ठेवा," नायक म्हणाला.

चाचांनी त्याचा हात धरून अंगठा शाईच्या गादीवर टेकवला, आणि मग त्या चार ओळींवर नेऊन ठेवला. नायकानं तो शब्दांवरून डावीकडून उजवीकडे ओढला, अगदी शेवटपर्यंत. ओळी शाईखाली गेल्या.

"बाकीच्या तीन?" मी विचारलं.

"त्या ऱ्हाऊ दे," तो म्हणाला, आणि अंगठा माझ्याच विलायती कोटाला पुसला. "अन् औंदा माया घराचं छप्पर नवं शाकारलं हाय. हात लावजो नको."